चित्रसंक्षेप : परक्या हातांतून आपल्या हातीं

हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा नागनाथ किंवा वसमत यांपैकीं कोणत्याहि तालुक्यांतील तरुण आज नोकरीचा अर्ज भरावयास बसला, तर त्याच्या विद्येची परीक्षा होण्यापूर्वीं त्याच्या छायाचित्राची परीक्षा होते. बँकांच्या नोकरभरतीच्या परीक्षा घेणारी आय. बी. पी. एस. ही संस्था उमेदवाराचें छायाचित्र २० ते ५० किलोबाईट एवढ्याच वजनाचें मागते. सहीचें चित्र १० ते २० किलोबाईटांच्या आंत बसावें लागतें. इकडे साध्या मोबाईलनें काढलेलें छायाचित्र तीन-चार मेगाबाईटांचें, म्हणजे मागणीच्या निदान साठ-सत्तर पट असतें. तें लहान केल्यावांचून अर्ज पुढें सरकत नाहीं. मुदतीची शेवटची रात्र असते, आणि उमेदवार ‘फोटो लहान करा’ अशा अर्थाचे शब्द टाकून जें संकेतस्थळ पहिल्यानें पुढें येईल त्याच्या हवालीं आपला चेहरा, आपली सही आणि पुष्कळदां आपलें आधारपत्रहि करून मोकळा होतो.

हें चित्र लहान कोण करतो, आणि कोठें करतो? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु चित्र लहान करण्याच्या विद्येचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास चाळून पाहिला, तर त्यांत एक गोष्ट पुनःपुन्हां आढळते : ज्यानें चित्र लहान करून दिलें, त्याच्या हातीं तें पडलेंहि. ही अट अगदीं अलीकडे, गेल्या दहापंधरा वर्षांत सुटली. ती कशी सुटली, आणि सुटूनहि कोठें शिल्लक राहिली, हें पाहण्यासारखें आहे.

संक्षेपाची कल्पना मराठी माणसास परकी नाहीं. जुन्या पत्राच्या आरंभीं ‘सा. न. वि. वि.’ हीं चार अक्षरें असत. साष्टांग नमस्कार विनंति विशेष, हें सर्व लिहिण्याचें कारण नसे. कारण लिहिणारा आणि वाचणारा या दोघांनाहि तें तोंडपाठ असे. तीर्थरूपांचा ‘ती.’ झाला, चिरंजीवांचा ‘चि.’ झाला, ‘लोभ असावा’ याचें ‘लो. अ.’ झालें. मोडी लिपीचें श्रेय परंपरा ज्या हेमाद्रीस देते, त्याच्याच नांवानें ओळखल्या जाणाऱ्या शैलीशीं औंढ्याच्या नागनाथाच्या देवळाचा संबंध जोडतात. परंतु मोडीनें अक्षर लहान केलें असें म्हणतां येणार नाहीं, तिनें लिहिण्याचा वेळ लहान केला. खरा संक्षेप या ‘सा. न. वि. वि.’ मध्यें आहे. जें शब्द वारंवार येतात ते तोडावे, जें क्वचित् येतें तें पूर्ण लिहावें, हा त्यांतला नियम. कर्जाचा आंकडा किंवा गांवाचें नांव असें कोणी तोडीत नसे.

हाच नियम गणिताच्या भाषेंत बसविण्यास १९५१ साल उजाडावें लागलें. अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत रॉबर्ट फॅनो हे प्राध्यापक माहितीशास्त्र शिकवीत होते. त्यांनीं विद्यार्थ्यांस मुभा दिली कीं अखेरची परीक्षा द्यावी, अथवा तिच्या ऐवजीं एक निबंध लिहावा. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्यानें निबंध पत्करला आणि वारंवार येणाऱ्या चिन्हांस आंखूड व विरळ येणाऱ्यांस लांब संज्ञा देण्याची सर्वांत काटकसरीची रीत शोधून काढली. हा प्रश्न खुद्द फॅनोंनाहि पूर्णपणें सुटलेला नव्हता. १९५२ सालीं हफमनचा निबंध छापून प्रसिद्ध झाला, आणि आजहि हिंगोलीच्या उमेदवाराचें छायाचित्र आवळतांना शेवटचा फांस हफमनच्याच रीतीनें बसतो.

पण तेथपर्यंत येण्यापूर्वीं चित्र लहान करण्याची निराळी वाट होती, ती कांचेच्या भिंगाची. १८७० च्या सप्टेंबरांत प्रशियाच्या फौजांनीं पॅरिसला वेढा दिला आणि शहराची टपाल बंद पडली. रेने दाग्रों नांवाचा एक छायाचित्रकार सूक्ष्म छायाचित्रें काढण्यांत निष्णात होता. तो नोव्हेंबरांत बलूनमधून शहराबाहेर पडला, आणि बाहेरच्या मुलखांतून आलेले निरोप छापून, त्यांचीं चित्रें अतिशय पातळ अशा फिल्मवर उतरवूं लागला. नखाएवढ्या नव्हे तरी दोन बोटांएवढ्या त्या तुकड्यावर हजारों निरोप मावत. ते तुकडे गुंडाळून कबुतराच्या शेपटीच्या पिसाला बांधीत. कबूतर पॅरिसला पोंचलें कीं फिल्मवर प्रकाश टाकून तिचें मोठें चित्र पडद्यावर पाडीत आणि कारकून बसून एकेक निरोप उतरवून काढीत. बायकोनें नवऱ्याला पाठविलेली खुशाली, सावकारीचा तगादा, कोणाच्या मृत्यूची बातमी, सर्व कांहीं कारकुनांच्या डोळ्यांखालून गेल्यावर मग घरीं जाई. त्या वेळीं याबद्दल कोणी कुरकुर केली असेल असें वाटत नाहीं; वेढ्यांत सांपडलेल्या माणसास निरोप मिळाला हेंच पुष्कळ होतें.

दुसऱ्या महायुद्धांत हीच युक्ति मोठ्या प्रमाणावर पुन्हां आली. १९४१ सालीं कैरोहून इंग्लंडकडे ‘एअरग्राफ’ नांवाचीं पत्रें जाऊं लागलीं. सैनिक एका ठराविक कागदावर पत्र लिही. त्याचें छायाचित्र फिल्मवर घेत. फिल्म विमानानें जाई, आणि पलीकडे तिच्यावरून कागदावर प्रत काढून ती घरोघर वाटीत. सोळाशें साधीं पत्रें सुमारे ५० पौंड भरत, तीं फिल्मवर ५ औंसांत मावत. मराठा पलटणी त्या सालीं ज्या आघाडीवर लढत होत्या, त्याच आघाडीवरची ही सोय. पत्र लहान होई, लवकर पोंचे. पण तें उघडें लिहावें लागे, वाटेंत त्याचें चित्र निघे, आणि युद्धकाळच्या तपासनिसाची नजर त्यावरून फिरे ती निराळीच. पाकिटाचा आडपडदा येथें संभवतच नव्हता. लहानपणाची किंमत म्हणून लोकांनीं ही उघडीक सोसली.

भिंगानें चित्र लहान होतें तेव्हां त्यांतलें कांहीं टाकून दिलेलें नसतें. संगणकाचा संक्षेप याहून वेगळा आहे. तो निवडून टाकून देतो. पत्रांतलें एक अक्षर गळलें तर अर्थाचा अनर्थ होतो, परंतु छायाचित्रांतले लाखों ठिपके किंचित् बदलले तरी पाहणाऱ्यास पत्ता लागत नाहीं. तेव्हां काय टाकलें असतां डोळा फसेल, हें ओळखणें ही या विद्येची किल्ली. तिचें मूळ फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए याच्या कामांत सांपडतें. उष्णता पदार्थांतून कशी पसरते याचा विचार करतांना त्यानें १८०७ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, वांकडीतिकडी रेषासुद्धां अनेक साध्या लाटांची बेरीज म्हणून मांडतां येते. (औंढा नागनाथ तालुक्यांत जी गुरुत्वलहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें अखेरची मंजुरी दिली, तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजांत येणारा सूक्ष्म कंपहि याच लाटांच्या हिशेबानें गोंगाटांतून निवडावयाचा आहे. एकाच जिल्ह्यांत एकाच गणिताचे असे दोन उपयोग व्हावेत, हा योगायोग गमतीचा खरा.)

छायाचित्रास हा हिशेब चपखल बसविण्याचें काम एका भारतीयाच्या हातून झालें. नासीर अहमद यांचा जन्म १९४० सालचा, बंगळूरचा. अमेरिकेंतील कॅन्सस राज्य विद्यापीठांत प्राध्यापक असतां त्यांनीं १९७२ सालीं तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे या संशोधनासाठीं अनुदान मागितलें. कल्पना फारच साधी आहे असें ठरून मागणी फेटाळली गेली. अहमद यांनीं अनुदानावांचून काम चालूं ठेविलें, आणि जानेवारी १९७४ मध्यें टी. नटराजन व के. आर. राव या आपल्या सहकाऱ्यांसह त्यांनीं तें प्रसिद्ध केलें. ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ हें त्या रीतीचें नांव. निबंध अवघ्या चार पानांच्या आसपासचा. परंतु जगांत आज काढल्या जाणाऱ्या बहुतेक छायाचित्रांस त्या पानांचा स्पर्श झालेला असतो.

पुढें १९८६ सालीं निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांची एक मंडळी जमली आणि १९९२ सालीं तिनें ‘जेपेग’ हा नमुना ठरविला. त्याची कृति थोडक्यांत अशी. प्रथम चित्राचा उजेड आणि त्याचा रंग हीं वेगळीं काढतात. मनुष्याचा डोळा उजेडाच्या फरकास जागरूक आणि रंगाच्या बारकाव्यास आळशी असल्यामुळें रंगाची माहिती निम्म्याहूनहि कमी केली तरी चालते. मग चित्राचे आठ ठिपके लांब व आठ ठिपके रुंद असे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनांतील ६४ ठिपक्यांच्या जागीं अहमद यांच्या रीतीनें ६४ लाटांचीं मापें येतात. येथपर्यंत कांहींच लहान झालेलें नसतें. यानंतर संथ लाटांचीं मापें नीट राखतात आणि बारीक, झपझप बदलणाऱ्या लाटांचीं मापें ढोबळ करतात, तीं बहुतेक शून्यच होतात. शून्यांची ही रांग लागली कीं हफमनची ‘सा. न. वि. वि.’ पद्धत तिला चार-दोन संज्ञांत गुंडाळते.

अर्जाच्या छायाचित्रांत उमेदवाराच्या मागें पांढरी भिंत असावी असें सांगतात, त्याचा या हिशेबाशीं सहज मेळ बसतो. कोऱ्या भिंतीच्या चौकोनास जवळजवळ एकच माप पुरतें. केंस, मिशा, किंवा चौकटीच्या सदऱ्याचे चौकोन पुष्कळ मापें खातात. सहीचें मात्र या रीतीशीं वांकडें आहे. पांढऱ्यावर काळी, तीक्ष्ण कडांची रेघ ही बारीक लाटांनींच बनलेली; त्या लाटा तोडल्या कीं रेघेभोंवतीं राखाडी धुरकटपणा पसरतो. सही फार आवळूं नये, तिचा कागदच आधीं काटेकोर कापावा, हें जाणत्यांचें सांगणें त्यासाठींच. शिवाय एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. मोबाईलच्या छायाचित्रांत सुमारे सव्वा कोटि ठिपके असतात आणि अर्जास २०० बाय २३० म्हणजे अवघे ४६ हजार ठिपके पुरतात. प्रत्येक ठिपक्यास तीन बाईट धरले तर एवढें चित्र न आवळतांहि सुमारे १३५ किलोबाईटच भरतें. ठिपक्यांची संख्या न घटवितां नुसतेंच आवळीत सुटणारा मनुष्य चेहऱ्याचे चौकोनी तुकडे करून ठेवतो.

जेपेगची ही सर्व कृति करणारी आज्ञावली १९९१ सालींच एका स्वतंत्र मंडळीनें जगास फुकट वापरावयास दिली होती. विद्या उघडी होती, गणित छापलेलें होतें. असें असूनहि सामान्य माणसाचें चित्र परक्याच्या हातूनच लहान होत राहिलें. याचें कारण ब्राउझर. जाल पाहण्याचें हें साधन आरंभीं नुसता वाचक होतें; दुसऱ्याकडून आलेलें पान दाखवावें, एवढेंच त्याचें काम. घरच्या संगणकावरील फाईल उघडून तिच्यांत फेरफार करण्याचा अधिकार त्यास नव्हता, आणि बळहि नव्हतें. म्हणून चित्र लहान करून देणाऱ्या संकेतस्थळांनीं जी रीत पाडली ती अशी : तुमचें चित्र आमच्या संगणकाकडे पाठवा, आम्ही तें आवळून परत करूं. फुकट. दाग्रोंच्या निरोपांचा कारकून आणि एअरग्राफचा छापखाना निदान सरकारी टपालाच्या कामांत होते. हे दुकानदार कोण, कोणत्या देशांतले, परत केलेल्या चित्राची प्रत त्यांच्यापाशीं किती दिवस राहते, याची चौकशी घाईंतला उमेदवार करीत नाहीं.

दुकानदाराच्या फुकट सौजन्याविषयीं हिंगोलीच्या इतिहासांत एक प्रकरण आहे. निजामाच्या फौजेची छावणी हिंगोलीस असतां तेथें हरिसिंग नांवाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. छावणींतील अनेकांचा त्याच्याशीं नित्याचा व्यवहार असे. मेडोज टेलर यानें १८३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ या पुस्तकाच्या प्रस्तावनेंत त्याची हकीकत दिली आहे. मुंबईहून कापड घेऊन एक व्यापारी येत आहे असें कळतांच हरिसिंगानें अधिकाऱ्यांकडून तें कापड आणण्याचा परवाना मिळविला, वाटेंत त्या व्यापाऱ्याचा व त्याच्या माणसांचा खून केला, आणि त्याच परवान्याच्या बळावर तो माल हिंगोलीस आणून भर छावणींत राजरोस विकला. पकडला गेल्यावर त्यानें स्वतः सांगितलें नसतें, तर हें कोणास कळतेंहि ना. ठगांविषयींच्या इंग्रजी लिखाणांत अतिशयोक्ति पुष्कळ आहे असें आजचे इतिहासकार म्हणतात, तें लक्षांत ठेवूनहि या हकीकतींतील एक तपशील ध्यानांत घेण्याजोगा आहे : परवाना खरा होता. कागद अस्सल, शिक्का अस्सल, फक्त तो ज्याच्या हातीं पडला तो मनुष्य निराळा.

आजच्या उमेदवाराचा चेहरा, सही आणि आधारपत्र हीं तिन्ही एकत्र कोणाच्या हातीं पडलीं तर त्यांचा असाच परवाना होऊं शकतो. त्यांच्या जोरावर दुसऱ्याच्या नांवानें मोबाईलचें कार्ड किंवा कर्ज घेऊं पाहणारे निघतात. ही भीति काल्पनिक नव्हे. मार्च २०२५ मध्यें अमेरिकेच्या एफ. बी. आय. या तपासखात्याच्या डेन्व्हर येथील कार्यालयानें जाहीर सूचना काढली कीं, फायलींचें रूप फुकट बदलून देणारीं कित्येक संकेतस्थळें काम तर करून देतात, परंतु दिलेल्या फायलींतील ओळख क्रमांक आणि बँकेची माहिती खरवडून घेतात, किंवा परत केलेल्या फाईलमधून घातक आज्ञावली घुसवितात. सर्वच दुकानें अशीं आहेत असें नाहीं. पण चांगलें दुकान आणि हरिसिंगाचें दुकान यांची पाटी सारखीच असते.

ब्राउझरचें दुबळेपण हळूहळू गेलें. २००४ सालीं अॅपल कंपनीनें आपल्या ब्राउझरांत ‘कॅनव्हास’ नांवाची एक चित्रफळी घातली; पुढें इतरांनींहि ती घेतली. नंतर वापरणाऱ्यानें स्वतः निवडून दिलेली फाईल वाचण्याची मुभा ब्राउझरला मिळाली. फळीवर चित्र उतरवावें, लहान मापाचें करावें, आणि जेपेगच्या रूपांत परत घ्यावें, एवढें घरच्या घरीं होऊं लागलें. २०१७ सालीं चारहि प्रमुख ब्राउझरांत ‘वेबअसेंब्ली’ ही सोय आली, आणि तिच्यामुळें जुन्या, मुरलेल्या आज्ञावल्या ब्राउझरच्या पोटांत जवळजवळ मूळच्या वेगानें चालूं लागल्या. २०१८ सालीं गूगलच्या मंडळींनीं ‘स्क्वूश’ नांवाचें एक पान याच तत्त्वावर करून दाखविलें आणि त्याची घडणहि सर्वांस पाहण्यास खुली ठेविली. आतां उलटा प्रवास झाला. पूर्वीं चित्र कारागिराकडे जाई. आतां कारागीरच पानाबरोबर घरीं येतो, येथेंच काम करतो, आणि चित्र उंबऱ्याबाहेर पडत नाहीं. अशा रीतीनें फळीवर उतरवून परत घेतलेल्या चित्रांतून आणखीहि एक गोष्ट गळते. मोबाईल छायाचित्राच्या पोटांत तारीख, यंत्राचें नांव आणि सोय चालूं असल्यास तें काढलें त्या जागेचे अक्षांश-रेखांशहि लिहून ठेवतो. नव्या चित्रांत ही टिपणी उतरत नाहीं.

एखादें पान खरोखर घरींच काम करतें कीं तसें नुसतें म्हणतें, हें ताडून पाहण्याची एक सोपी युक्ति आहे. पान पूर्ण उघडल्यावर मोबाईलचें इंटरनेट बंद करावें आणि मग त्यांत चित्र घालावें. चित्र लहान होऊन मिळालें तर कारागीर घरांत आहे. पान नुसतेंच घुटमळत राहिलें, तर चित्र कोठें तरी जावयाचें होतें. अर्थात् जाल पुन्हां जोडल्यावर गुपचूप पाठविणारें पान असूं शकतें, म्हणून काम उरकतांच पान मिटून मग जाल जोडणें शहाणपणाचें. मुक्त घडणीचें, नांवाजलेलें पान निवडणें त्याहून बरें.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमतानें निर्णय दिला, आणि २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाहि झाला. परंतु कायदा ज्याच्या हातीं माहिती गेली त्याला बांधतो. तो परदेशांत असेल, निनांवी असेल, तर वसमतच्या उमेदवारानें त्याला कोठें गांठावें? जी माहिती हातांतून गेलीच नाहीं, तिच्याबद्दल दावा लावण्याचा प्रसंग येत नाहीं. ब्राउझरमधील या छोट्या सोयीचें मोल कायद्याच्या शेजारीं ठेवून पाहिलें तर कमी भरत नाहीं.

तथापि ब्राउझर आपल्या घरचा असेल तरच हें सारें खरें. हिंगोली जिल्ह्यांत पुष्कळ अर्ज अजून सेवा केंद्रांच्या संगणकावरून भरले जातात. तेथें चित्र जालावर गेलें नाहीं तरी त्या संगणकावर उरतेंच. महाराष्ट्रांतील नंदुरबार जिल्ह्यांत टेंभली या गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतलें पहिलें आधारपत्र दिलें गेलें. त्यानंतर बारा वर्षांनीं, २७ मे २०२२ रोजीं, आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयानें एक पत्रक काढलें. आधारची प्रत सरसकट कोणासहि देऊं नये, शेवटचे चार आंकडे तेवढे दाखविणारी प्रत द्यावी, आणि सार्वजनिक संगणकावर आधार उतरवून घेतल्यास सर्व प्रती कायमच्या पुसून टाकाव्या, असें त्यांत म्हटलें होतें. लोकांचा गैरसमज होईल या कारणानें २९ मे रोजीं, म्हणजे दोनच दिवसांत, तें पत्रक मागें घेण्यांत आलें. सल्ला मात्र वाईट नव्हता.

केंद्रांतील संगणकावर एका अर्जामागें निदान तीन-चार फायली सांचतात : मूळ छायाचित्र, त्याची लहान प्रत, सही, आधार. त्या ‘डाउनलोड्स’ या कप्प्यांत जातात. पुसल्या तर ‘रिसायकल बिन’ मध्यें जातात आणि तेथूनहि पुसाव्या लागतात. व्हॉट्सअॅपवरून केंद्रचालकास पाठविलेलें चित्र त्याच्या मोबाईलमध्यें राहतें तें वेगळेंच. छायाचित्र व सही घरींच आपल्या मोबाईलच्या ब्राउझरमध्यें लहान करून, मूळ प्रत आपल्यापाशीं ठेवून, केंद्रांत फक्त लहान प्रत नेली तर मोठें, स्वच्छ, पुन्हां कोठेंहि वापरतां येण्याजोगें मूळ चित्र तरी तेथें राहत नाहीं. दोनशें बाय दोनशें तीस ठिपक्यांचा चेहरा मोठा करून पाहिला तर चौकोनी खिपल्यांखेरीज त्यांत फारसें कांहीं हातीं लागत नाहीं.